ड्रायव्हरकाकांचे पावणे

"काय पावणं, कुनावर रागावलाय?"

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारायचा असला की ड्रायव्हरकाका आधी खाली बसत. चक्क जमिनीवर, मांडी घालून. धिप्पाड माणूस. पिळदार पांढऱ्या मिशा, आयुष्यभर एस.टी.चं स्टिअरिंग फिरवून रुंद झालेले खांदे. पण समोरचं मूल रडतंय म्हटल्यावर हा एवढा देह रस्ता, फरशी, चिखल काही न बघता खाली टेकायचा. मागून काकू ओरडायच्या, "आवं, लेंगा आत्ताच घातलाय न्हवं!" काका मान वळवत नसत. पावण्याशी बोलणं चालू असताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे.

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. काकांनी मात्र हा शब्द लहान मुलांसाठी राखून ठेवला होता. मोठ्या माणसांना ते 'लेका' म्हणत, नाहीतर 'साहेब' म्हणत. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गाडी कुठल्या बाजूनं चालवायची ते विचारतेय.

"देवाच्या घरनं आल्यात की ती. म्हंजे पावणंच. आनि पावन्याला कुनी दारातच थोबाडीत देतंय व्हय?"

नव्वदच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही एकाच चर्चमध्ये जायचो, पण ओळख मान हलवण्यापुरतीच होती. खरी ओळख झाली ती कपिलतीर्थ मंडईत, माझ्या मुलीच्या किंकाळ्यांमधून.

माझी रूथ तेव्हा अडीच वर्षांची. तिला भोपळा हवा होता. फोड नव्हे, अख्खा भोपळा, आणि तोही स्वतः उचलून घरी न्यायचा होता. मी नाही म्हटल्यावर तिनं मंडईच्या मधोमध लोळण घेतली. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. भाजीवाल्या सल्ले देत होत्या. एक म्हणाली, "द्या की दोन ठेवून." दुसरी म्हणाली, "तशीच सोडून चालू लागा, येतंय मागनं." मला फक्त तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात काका गर्दीतून आले आणि रूथशेजारी, मेथीच्या काड्यांवर बसले. मग भोपळ्याकडं बघत म्हणाले, "लई मोठा हाय की वो पावणं. तुमच्यापरास मोठा हाय."

रूथ बघायला थांबली. खरंच मोठा होता.

"बाई," काका मला म्हणाले, "तिला दमू दे. तू दमू नगंस. भोपळा घेऊन देऊ नगं. पर भोपळा पायजे वाटला म्हनून रागावू बी नगं. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत्या."

मग त्यांनी रूथला भोपळ्यावरून हात फिरवू दिला आणि सांगितलं, "आता त्याला टाटा करा. त्यो त्याच्या घरी, आपन आपल्या घरी." रूथनं हुंदके देत टाटा केला. भाजीवालीनंही भोपळ्याच्या वतीनं टाटा केला. पुढं कित्येक महिने ती बाई मला बघितलं की विचारायची, "भोपळ्याची मैत्रीन कुठाय?"

काका नुकतेच निवृत्त झाले होते. गारगोटीच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली होती. आमची रविवारची उपासना लांबलचक. दोन-तीन वर्षांची मुलं तेवढा वेळ बाकावर कशी बसणार? ती रडायची, पळायची, आणि त्यांच्या आया बाहेर पायऱ्यांवर. काही जणींनी मूल झाल्यापासून एकही उपदेश पुरा ऐकला नव्हता. काका एक दिवस पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले आणि म्हणाले, "मागचा व्हरांडा द्या आनि पोरं द्या. आयांस्नी आत जाऊ द्या. त्यास्नी बी देव हाय."

लोक हसले. काकांनी मागच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली.

तुम्ही तो वर्ग बघायला हवा होता. सगळ्यांच्या भोवती एक लांब दोरी धरलेली, म्हणजे ती एस.टी. पुढं काका, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत. "गारगोटी, गारगोटी! चला, पुढं सरका!" व्हरांड्याच्या प्रत्येक खांबाशी थांबा. एका थांब्यावर पाणी प्यायचं, एकावर गोष्ट, एकावर प्रार्थना. प्रार्थनेला डोळे मिटायची सक्ती नव्हती. "उघडं ठेवलं तरी देवाला चालतंय. नुस्तं थँक्यू म्हना. कशाबद्दल म्हनायचं ते तुमचं तुमी ठरवा."

मग एक म्हणायचा, कावळ्याबद्दल थँक्यू. एक म्हणायची, आजीच्या चष्म्याबद्दल. एका मुलानं डोळे घट्ट मिटून मोठ्यांदा आभार मानले, "बाबांची लुना सुरू झाली, थँक्यू." त्याच दिवशी त्याचे बाबा सकाळपासून लुना ढकलत आले होते, आणि ती सुरू होताना तोंडातून जे शब्द निघाले त्यांत प्रार्थना नव्हती. ते खिडकीजवळच्या बाकावर बसले होते. सगळं ऐकू गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काका रागावत ते मोठ्यांवर. एकदा एका तरुण आईनं रडणाऱ्या मुलाला दटावलं, "गप्प बस, नाहीतर येशू रागावून निघून जाईल." झालं. स्टँडवर हाक मारायला घडलेला तो आवाज कडाडला:

"देवाला पोलीस करू नगासा!"

आत उपदेश थांबला. आमचे पाळक शांत स्वभावाचे. त्यांनी वेदीवरूनच विचारलं, "काका, काय झालं?"

"काय न्हाय, पाळकसाहेब. हितं बी उपदेश चाललाय. तुमचा चालू द्या."

उपासना संपल्यावर काका त्या आईला चहा घेऊन गेले. ती घाबरून उभी. काका हळू आवाजात म्हणाले, "पोरीऽ, त्याला अजून देव कोन ते ठावं न्हाय. तू सांगशील तसाच त्यो त्याला दिसनार. चांगला दाखीव की."

त्यांचे नियम मोजके होते आणि ते कुठंही सांगत, रस्त्यात, बस-थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत. 'नाही' कमी वेळा म्हणा, पण म्हटलं की पाळा. झोपायच्या आधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचं नाव घेऊन आशीर्वाद मागा; दिवसभर कितीही रणकंदन झालं असलं तरी. आणि तुमची चूक असेल तर मुलाला म्हणा, माझं चुकलं.

हा शेवटचा नियम पुरुषांच्या घशाखाली उतरत नसे. बापानं पोराची माफी मागायची? मग वचक काय राहिला?

काकांचं सगळंच बरोबर असे, असं समजू नका. सर्व आजारांवर सुंठ-गूळ, हे त्यांचं ठाम मत होतं. लहान मुलांना चपला घालू नयेत, असंही एक होतं. रूथ एकदा दोन दिवस किरकिरत होती, तर काकांनी निदान केलं की तिला शेजारच्या बाळाचा हेवा वाटतोय. तिचा कान पिकला होता. डॉक्टरांनी औषध दिल्यावर हेवा एका दिवसात गेला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मंग कानात हेवा शिरला आसंल," आणि स्वतःच खो खो हसले.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. लहान मुलांना कसं वाढवावं, हा विषय. काका बोलले, आया खूश झाल्या. मग मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले. फाउंड्रीचे मालक, शिस्तीचे, वेळेचे पक्के. त्यांचं म्हणणं असं की आपल्याला बापानं झोडपलं म्हणून आपण माणसं झालो. असले लाड पुढं महागात पडतात. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला.

"काका, तुम्ही सगळ्यांना शिकवताय. तुमचा शमुवेल कुठं आहे? किती नाताळ झाले, आम्ही त्याला बघितला नाही."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, काका आता उठून निघून जातील.

काका उठले, पण गेले नाहीत.

"बरोबर इचारलंसा," ते म्हणाले. "सांगतो. शमू तीन वर्साचा हुता. मी ड्युटीवरनं आलो, दमून, डोकं तापलेलं. त्याच्या हातनं दुधाचं भांडं लवंडलं. म्या कमरंचा पट्टा काढला. त्यो पयला दिवस. मंग सवयच लागली. पोरगं मला बगून बोलायचं बंद झालं. म्या लोकास्नी सांगायचो, बगा माझं पोरगं किती शिस्तीचं." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "शिस्त न्हवती ती. भ्या हुतं. त्यो मोठा झाला आनि पुण्याला गेला. तितंच लगीन, तितंच संसार. नातू हाय मला, दोन वर्साचा. म्या त्याला फकस्त फोटोत बघितलाय."

काकांनी हॉलभर नजर फिरवली.

"म्हनून सांगतोय तुमास्नी. त्या रस्त्यानं म्या गाडी घातलीया. फुडं रस्ता न्हाय."

ते बसले. पाळकांनी प्रार्थना करून सभा संपवली. फाउंड्रीचे मालक चहाला थांबले नाहीत.

पुढं काय झालं ते आम्हाला नंतर शमुवेलकडूनच कळलं. मालकांचं कामासाठी पुण्याला जाणं-येणं असायचं. पुढच्याच खेपेला त्यांनी शमुवेलचं घर शोधून काढलं. दार उघडल्यावर म्हणाले, "माझ्यामुळं तुझ्या वडिलांना चारचौघांत बोलावं लागलं. ते काय बोलले, ते तू ऐकायला हवंस. म्हणून आलो." आणि खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी काकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. घरी ये, असं म्हणाले नाहीत. बापाची बाजू मांडली नाही. चहा प्यायले आणि निघाले.

शमुवेल म्हणाला, ते गेल्यावर बायकोनं विचारलं, "जायचं का?" दुसऱ्या दिवशी ती बॅग भरायला लागली, तेव्हा त्यानं तिला थांबवलं नाही.

ईस्टरची उपासना पहाटे, चर्चच्या अंगणात असते. सूर्य वर येताना गाणं संपतं, आणि मग टेबलांवर चहा आणि शिरा. त्या सकाळी आम्ही शिऱ्याच्या बशा लावत होतो, तेव्हा फाटकात एक तरुण जोडपं उभं दिसलं. पुरुषाच्या कडेवर मूल. काकूंनी आधी ओळखलं. त्या धावल्या, वाटेत एक चप्पल निसटली, तशाच गेल्या.

काका टेबलाशी उभे होते. त्यांच्यानं पाऊल उचलवेना. शमुवेल टेबलापर्यंत आला. बापाएवढाच उंच, तसेच खांदे. मध्ये टेबल.

"कसं हायसा?" तो म्हणाला.

"बरं हाय," काका म्हणाले.

एवढंच. आम्ही सगळे शिऱ्याकडं बघत असल्याचं नाटक करत होतो.

शमुवेलनं मुलाला खाली ठेवलं. आशू त्याचं नाव. प्रवासात आंबलेलं, पण डोळे टक्क उघडे. त्याला टेबलावरचं काय हवं होतं कोण जाणे. त्यानं चादरीचं टोक धरलं आणि ओढलं. बशा खळकन खाली आल्या आणि त्यांच्यामागून दुधाचं मोठं भांडं. सगळं दूध शमुवेलच्या पँटवर.

शमुवेलचा हात वर गेला.

आशूनं डोळे मिटून घेतले. एवढ्याशा मुलाला डोळे कधी मिटायचे ते ठाऊक होतं.

"शमू," काका म्हणाले. ओरडले नाहीत. तो कडाडणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मारू नगंस. त्यो हात तुझा न्हाय. माझा हाय. मीच दिलाय तुला."

शमुवेलचा हात तसाच हवेत.

"माझं चुकलं, लेका. दुधापायी तुला मारलं हुतं. लई चुकलं माझं."

अख्ख्या मंडळीसमोर म्हणाले. ज्यांनी कधी बापाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता आणि ज्यांनी स्वतः कधी उच्चारला नव्हता, असे कितीतरी जण तिथं उभे होते. शमुवेलचा हात हळूहळू खाली आला. त्यानं तो हात असा बघितला की जणू पहिल्यांदाच दिसतोय.

आशूनं डोळे उघडले. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला बाप. आजोबांनी टेबलाला वळसा घालून दोन्ही हात पुढं केले होते. पोरानं दोघांकडं बघितलं, ओठ काढले, आणि धावत जाऊन बापाच्या ओल्या पायांना मिठी मारली. शमुवेलनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

मला क्षणभर काकांचं वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी नातू दिसला आणि आपल्याकडे आला नाही. मी त्यांच्याकडं वळून बघितलं, तर काकांनी दोन्ही हात आभाळाकडं उचलले होते.

"बापाकडं गेलं!" आता मात्र तो स्टँडवरचा आवाज परत आला होता. "बगा, बगा! भ्यालं तरी बापाकडंच गेलं की!"

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. काकू एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. फाउंड्रीचे मालक खाली वाकून, कोटाची पर्वा न करता, फुटक्या बशांचे तुकडे वेचत होते. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, तो धावत गेला आणि त्यानं जोरात घंटा वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी ईस्टरचं गाणं पुन्हा उचललं. शेजारच्या गल्लीतले लोक बाहेर येऊन विचारायला लागले, "परत सुरू झालं व्हय तुमचं?"

"व्हय," काका ओरडले, "परत सुरू झालं!"

एका सकाळीत सगळं निवळलं, असं मात्र नाही. शमुवेल आठवडाभर राहिला. रोज संध्याकाळी बाप-लेक रंकाळ्यावर फिरायला जात. कधी बोलत परत येत, कधी वेगवेगळे. एकदा शमुवेलनं बापाला सगळं सुनावलं, लहानपणापासूनचं साचलेलं. काकांनी मला नंतर सांगितलं, "लई बोलला. मी मधी एक शबूद बोललो न्हाय. तीन वर्साचा हुता तवापासनं गप हुता बिचारा. बोलू दे की."

पुढच्या नाताळात ते आले. मग मेच्या सुट्टीत. दोन हजार साल उलटल्यावर शमुवेलनं कागलजवळच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि बिऱ्हाड कोल्हापुरात आणलं. आशू भारी तोंडाळ निघाला. बापाला तो तोंडावर "हे बरोबर नाही, पप्पा" म्हणायचा. काका आम्हाला अभिमानानं सांगत, "बापाला उलटं बोलतंय! भ्या म्हनून न्हाय त्याला!" आणि लगेच आशूकडं वळून, "पर नीट बोल जरा."

आणि एका रविवारी मागच्या व्हरांड्यात मी जे बघितलं, ते मी अजून कित्येकांना सांगते. दोरीच्या एस.टी.त सगळ्यात शेवटी फाउंड्रीचे मालक उभे होते. त्यांची नात काही केल्या त्यांना सोडायला तयार नव्हती. काका पुढून ओरडले, "मागचं साहेब, दोरी घट्ट धरा, वळन हाय!" आणि त्या शिस्तीच्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरली.

त्या व्हरांड्यात किती मुलं येऊन गेली. आमची रूथ शाळेत गेली, कॉलेजात गेली. काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला, तरी ते खाली बसत. उठवायला मात्र दोघे लागत. शेवटी थोड्याच दिवसांचं आजारपण आलं. काका गेले तेव्हा घरात तक्रारीचा सूर नव्हता. शमुवेल शेवटपर्यंत उशाशी होता.

अंत्यविधीला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. लहान मुलं रडत होती, बाकांखालून फिरत होती, मोठ्यांदा प्रश्न विचारत होती. कुणीही कुणाला गप्प केलं नाही. पाळकांनी शमुवेलला बोलायला सांगितलं. तो पुढं आला, कागद वगैरे काही नव्हता.

"माझ्या वडलांनी मला दोनदा वाढवलं," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी लहान होतो. दुसऱ्यांदा मी स्वतः बाप झालो होतो. दुसऱ्यांदा त्यांनी..."

पुढं त्याला बोलवेना. तेव्हा पहिल्या बाकावरून आशू उठला. मिसरूड फुटलेला, बापाच्या डोक्यावरून बघेल एवढा उंच. तो शांतपणे पुढं गेला आणि सगळ्यांसमोर बापाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. शमुवेलचं डोकं किंचित त्याच्याकडं कललं. वाक्य तसंच अर्धं राहिलं. आम्हाला कुणालाच त्याचा उरलेला अर्धा भाग ऐकायची गरज वाटली नाही.